सगळी खंय झाली?

श्रावणातली संध्याकाळ होती. दुपारपासून वीज नव्हती आणि पाऊस असा लागला होता की पागोळ्यांच्या आड समोरचा माडसुद्धा दिसत नव्हता. पडवीत मी बाकड्यावर आणि काकी तिच्या खुर्चीत, मांडीवर सूप घेऊन तांदळातले खडे वेचत बसलेली. छोट्या स्पीकरमध्ये थोडं चार्जिंग उरलं होतं, त्यावर मिसिसिपी जॉन हर्ट, अमेरिकेतला एक जुना काळा ब्लूज गायक, गात होता. हा माणूस इतक्या हळू आणि घरगुती आवाजात गातो की त्याचा आवाज वाढवणं आगाऊपणाचं वाटतं. सर ओसरली की तो ऐकू यायचा, पुन्हा सर आली की बुडायचा. शेवटचं गाणं संपलं. मी वहीत खूण केली, वही मिटली, आणि कुणाला तरी सांगावंसं वाटलं म्हणून म्हटलं, "काकी, झाली. ह्याची सगळी गाणी ऐकान झाली."

"सगळी?"

"सगळी. पयली तेरा १९२८ सालातली. मगे थेट १९६३."

काकीची बोटं थांबली. "मगे मधल्या पस्तीस वर्षांत तो काय करी होतो?"

"मजुरी. गुरां राखी होतो."

"तेव्हा गाणी म्हणी नाय होतो?"

"म्हणी होतो ना. गावातल्या लोकांसाठी. पण कोणी भरून घेवक नाय."

तिने एक खडा खळ्यात भिरकावला. "मगे सगळी खंय झाली गो?"

मी काहीच बोलले नाही. दिवा लावायच्या निमित्ताने उठून आत गेले. पण तेव्हापासून वहीतली ती खूण मला खोटी वाटायला लागली.

गेल्या वर्षी मिरगात काकीचा घोटा मोडला. घरात दुसरं कुणी नाही, म्हणून मी मुंबईहून आठ दिवसांसाठी आले आणि राहिलेच. माझं काम मुद्रितशोधनाचं, ते कुठूनही होतं. आचऱ्याच्या खाडीच्या अलीकडचं आमचं गाव पावसाळ्यात सहा वाजताच मिटतं. मुंबईत असताना ही गाणी, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे जुने ब्लूज, मी लोकलमध्ये तुकड्यातुकड्यांनी ऐकली होती, याचं एक, त्याचं एक. इथे आल्यावर पहिल्यांदाच एवढा सलग वेळ हातात आला आणि ठरवलं, आता एकेक माणूस धरायचा आणि पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, ज्या क्रमाने त्याने ती गायली त्याच क्रमाने, एकही न गाळता ऐकायचा. एक संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला पान उडवता येत नाही, तसंच काहीसं.

सुरुवात रॉबर्ट जॉन्सनपासून केली, कारण त्याचं सगळं मिळून थोडंच आहे. २९ गाणी. १९३६ च्या नोव्हेंबरात सॅन अँटोनियोमध्ये आणि १९३७ च्या जूनमध्ये डॅलसमध्ये भरलेली. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला, वय २७. काही गाणी त्याने त्याच बैठकीत दोनदा गायली आहेत आणि दोन्ही भरणं टिकली आहेत. आधी मला वाटलं होतं, तेच ते दोनदा कशाला ऐकायचं? पण दुसऱ्या खेपेला एखाद्या शब्दाआधी तो जरासा जास्त थांबतो, आणि त्या थांबण्यात कळतं की पहिल्या खेपेला तो घाईत होता. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळायची. गावात रात्रभर नाचणाऱ्या लोकांसाठी जे गाणं पंधरा-वीस मिनिटं चालत असेल ते तीन मिनिटांत बसवायचं, म्हणजे कुठेतरी कापायचंच. मग मला त्या कापलेल्या जागा ऐकू यायला लागल्या.

व्हिएन्नाच्या जॉनी पार्थ नावाच्या माणसाने डॉक्युमेंट या लेबलखाली जुन्या ब्लूज गायकांचं सगळं ध्वनिमुद्रण तारखांच्या क्रमाने काढलं. बरं-वाईट निवडायचं नाही, जे सापडलं ते जसंच्या तसं. मला ही पद्धत मनापासून पटते. निवडक गाण्यांच्या संग्रहात प्रत्येक माणूस थोर वाटतो. क्रमाने ऐकलं की तो माणूस वाटतो. मंगळवारी जमलेली चाल गुरुवारी दुसरे शब्द घालून पुन्हा येते, एखादं गाणं सरळसरळ फसतं, दिवसाच्या शेवटी घसा बसलेला कळतो. आमच्याकडे डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, ऐकायला बसणाऱ्यांना हे सांगायला नको. बुवाचं पहिल्या दोन तासांतलं गाणं तयारीचं असतं. रात्री अडीचनंतर आवाज फाटतो, पखवाजवाल्याचा हात भरून येतो, समोरचा बुवा कुरघोडी करून बसलेला असतो, आणि तेव्हा जो गजर लागतो त्यासाठी लोक दवात गोधड्या पांघरून बसलेले असतात. तो गजर कापून आणून दुसऱ्या दिवशी कुणाला ऐकवला तर त्याला फक्त फाटलेला आवाज ऐकू येईल.

खरखरीबद्दल लिहायलाच हवं. विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टन गावात पॅरामाउंट नावाच्या तबकड्या निघायच्या. कंपनी मुळात खुर्च्या बनवणारी. मग फोनोग्राफची लाकडी कपाटं करायला लागली, आणि कपाटं खपावीत म्हणून तबकड्या काढायला लागली. माल हलका, त्यामुळे त्या तबकड्यांवर गाण्याइतकीच खरखर. स्किप जेम्सने १९३१ च्या फेब्रुवारीत तिथे जाऊन जे गायलं त्यातली १८ गाणी उरली आहेत, आणि त्यातली काही ऐकताना असं वाटतं की माणूस पावसापलीकडच्या घरात बसून गातो आहे. उंच, बारीक, एकट्या पडलेल्या बाईसारखा आवाज. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा गोठ्याच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि कुठली खरखर तिथली, कुठली इथली, ते मला सांगता येत नव्हतं. या तबकड्या लाखेच्या असत, आणि जगाला लागणारी लाख मुख्यतः आपल्याच देशातून जायची. फांद्यांवर किड्यांनी सोडलेली राळ. आपल्या रानातून कुणीतरी खरवडून काढलेली ती लाख कुठल्या कुठे जाऊन एका काळ्या शेतमजुराचा आवाज धरून बसली आणि आता तो आवाज माझ्या पडवीत आला, हा फेरा मनात आला की मला अजून भरून येतं.

गीशी वायलीचं सगळं एका संध्याकाळच्या वीस मिनिटांत संपलं. ती आणि तिची जोडीदारीण एल्व्ही थॉमस, दोघींची मिळून ६ गाणी. १९३० च्या सुमाराला दोघी त्याच ग्राफ्टनला गेल्या, गायल्या, परतल्या. गीशी पुढे कुठे गेली, किती जगली, कशी दिसायची, याचा धड मागमूस नाही. सहावं गाणं संपलं तेव्हा चुलीवरच्या भाताला जेमतेम आधण आलं होतं. मी वाट बघत बसले. कशाची ते मला माहीत नव्हतं. पुढे काही नाही हे ठाऊक असूनही हात पुढचं गाणं शोधत होता. त्या रात्री वहीत खूण केली नाही, नुसताच ६ चा आकडा लिहिला.

आणि तरीही जॉन हर्टच्या वेळी मी 'सगळी' म्हणाले!

त्याची गोष्ट तर सांगावी अशीच आहे. १९२८ च्या फेब्रुवारीत मेम्फिसला आणि डिसेंबरात न्यूयॉर्कला जाऊन तो गायला. तबकड्या फारशा खपल्या नाहीत, मग मंदी आली, तो मिसिसिपीतल्या आपल्या गावी परतला आणि रानात कामाला लागला. न्यूयॉर्कच्या मुक्कामात त्याने एका गाण्यात आपल्या गावाचं नाव घेतलं होतं, ॲव्हलॉन. घराची आठवण येणाऱ्या चाकरमान्याचं गाणं. पस्तीस वर्षांनी त्या एका नावावरून, जुना नकाशा धुंडाळून, टॉम हॉस्किन्स नावाचा तरुण ॲव्हलॉनला पोचला तर म्हातारा तिथेच होता. त्याच्याकडे गिटारसुद्धा उरली नव्हती. १९६६ च्या नोव्हेंबरात तो वारला. म्हणजे दुसऱ्या डावात त्याला मिळाली जेमतेम साडेतीन वर्षं, आणि आपण ज्याला त्याचं सगळं गाणं म्हणतो ते या दोन टोकांना चिकटलेलं आहे. मधला पस्तीस वर्षांचा माणूस रिकामा. मी ही गोष्ट मुंबईत मित्रमंडळींना अनेकदा रंगवून सांगितली आहे, 'बघा कसा सापडला' म्हणून. गोष्टीचा जीव सापडण्यात आहे असंच मी धरून चालले होते. काकीने ती पहिल्यांदाच ऐकली आणि तिचं बोट बरोबर मधल्या भोकावर गेलं.

मग मला सगळीकडे भोकंच दिसायला लागली. फ्रेड मॅकडॉवेल १९५९ साली पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाला. ॲलन लोमॅक्स लोकगीतं गोळा करत मिसिसिपीतल्या कोमो गावाला पोचला तेव्हा हा शेतकरी पन्नाशी ओलांडलेला होता. त्या भरणात त्याच्या घरातली एक बाई कंगव्यावर कागद धरून साथ करते. कंगवा आणि कागद! पतंगाचा कागद कंगव्यावर धरून आम्ही पोरं देवळाच्या पायरीवर तेच करायचो, ओठांना मुंग्या येईपर्यंत. तो आवाज कानावर पडला आणि मी उठून उभी राहिले. पण पन्नाशीच्या अलीकडचा मॅकडॉवेल कुणी ऐकला? त्याच्या गावाने ऐकला. एलिझाबेथ कॉटन तर डावखुरी. उजव्या हाताच्या माणसाची गिटार उलटी धरून लहानपणीच वाजवायला शिकली, पोरवयातच तिने गाणी रचली. मग लग्न, मूल, चर्चमधल्या लोकांची नापसंती, आणि गिटार सुटली ती काही दशकं. वॉशिंग्टनमधल्या सीगर कुटुंबात ती घरकाम करायची. त्यांच्या भिंतीवर टांगलेली गिटार तिने एक दिवस खाली काढली. पहिली तबकडी १९५८ साली निघाली तेव्हा तिने साठी ओलांडली होती. मला त्या काही दशकांतल्या स्वयंपाकघराचा आवाज हवा आहे. भांडी घासताना ती काय गुणगुणायची?

या वाक्याशी मी अडखळले, कारण तो आवाज मला माहीत होता.

आजीचं जातं माजघराच्या कोपऱ्यात होतं. पहाटे चारला, अंधारातच, घरघर सुरू व्हायची आणि तिच्यावर आजीची ओवी. जॉन हर्टचा अंगठा खालच्या तारांवर न थकता चालत राहतो आणि बोटं वर गाणं काढतात, ते मला पहिल्याच दिवशी का ओळखीचं वाटलं याचं उत्तर इथे होतं. खाली दगड फिरतो, वर बाई बोलते. समोर काकी बसायची, तेव्हा नवी सून, खुंट्याला दोघींचे हात. एक ओळ आजीची, दुसरी काकीची. मी घोंगडीत पडून ऐकायची आणि त्यातच पुन्हा झोपायची. ओव्यांत कोण कोण असायचं! सीता, विठू, माहेरची वाट, भाऊ, जळकी नणंद, बोटीवर गेलेला आणि पत्र न धाडणारा नवरा. शब्द आठवत नाहीत. मला आठवते ती ओवीच्या शेवटी येणारी आजीची दमलेली 'गं', आणि त्या 'गं'नंतर दगड एक फेरी एकटाच फिरायचा, ती फेरी.

हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यात आयुष्य घातलं. एक लाखाहून जास्त ओव्या आहेत त्या संग्रहात. हा आकडा मला माहीत होता, त्यातल्या कितीतरी ओव्या मी मुंबईच्या घरात बसून ऐकल्या होत्या, कौतुक केलं होतं. मात्र ज्या घरात मी ओवी ऐकत वाढले, त्या घरातल्या शेवटच्या गाणाऱ्या बाईला मी पन्नास वर्षांत एकदाही 'म्हण' म्हटलं नाही. मिसिसिपीतल्या मजुरांच्या तबकड्यांचे क्रमांक मला पाठ आहेत. काकीचं माहेरचं नाव मात्र मला श्रावणात तिलाच विचारावं लागलं.

म्हटलं, आता तरी विचारू. फोन समोर ठेवून बसले. काकीने दोन ओळी सुरू केल्या आणि सोडून दिल्या. "माका आठवणा नाय." पुन्हा दोन दिवसांनी तेच. तिसऱ्यांदा ती वैतागली. "जाता नसताना ओवी कशी येतली?" मला ते टाळणं वाटलं. पण गौरी आल्या, रात्री वाडीतल्या बाया फुगडीला जमल्या, आणि माझी काकी, जिला काही आठवत नव्हतं ती, खुर्चीत बसल्या जागी टाळ्यांचा ठेका धरून सात फुगडीगीतं न अडखळता म्हणून गेली. पोरी नाचून दमल्या, ही दमली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलं एक पुन्हा म्हण म्हटलं तर पहिल्याच ओळीला अडली. तिच्याकडे गाणी नव्हती असं नाही. ती वेळेकडे ठेवायला दिलेली होती. लोमॅक्सने १९४७-४८ साली पार्चमन तुरुंगाच्या शेतावर कैद्यांची गाणी भरून घेतली, त्यांत कुऱ्हाडींचे घाव गाण्याच्या आतच आहेत. घाव पडतो म्हणून ओळ पुढे सरकते. ती कुऱ्हाड काढून घेतली असती तर तेही कैदी 'आठवणा नाय' म्हणाले असते.

त्याच दिवसांत एका रात्री मी काकीला दोन ध्वनिमुद्रणं पाठोपाठ ऐकवली. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर जगभरच्या संगीताचे २७ तुकडे आहेत. त्यात आपल्याकडचा एकच, केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. केसरबाई गोव्यातल्या केरीच्या, इथून दोन-तीन तासांच्या वाटेवरच्या. आणि त्या भैरवीच्या लगेच पुढचा तुकडा आहे ब्लाइंड विली जॉन्सनचा, १९२७ सालचा. टेक्ससचा हा आंधळा गायक, उभ्या आयुष्यात ३० गाणी भरली. या गाण्यात त्याने शब्दच ठेवलेले नाहीत. तारेवरून घसरत जाणारा सूर आणि त्याच्या जोडीला नुसतं हुंकारणं. दुसरं यान निघाल्यावर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. तेव्हापासून ती दोघं एकामागे एक उभी, सूर्यमाला ओलांडून पुढे चालली आहेत. केसरबाईंच्या वेळी काकी खुर्चीत सरळ होऊन, पदर सावरून बसली. पुढचा तुकडा लागला तेव्हा मात्र तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाली, "हेका शब्द नाय?"

"नाय."

"बरां आसा," ती म्हणाली, आणि त्याच्या हुंकाराखाली तिचा हुंकार लागला. त्याच सुरात नव्हे, तिच्या स्वतःच्या. शेवटाला एक 'गं' आली. मी अंधारात होते म्हणून बरं.

जातं परसात सापडलं. न्हाणीच्या दारात पायरी म्हणून पालथं पडलं होतं, वरची तळी एकीकडे, खालची एकीकडे, शेवाळाने हिरवी. खुंटा कधीच गेला होता. वाडीतल्या सुताराने फणसाचा नवा करून दिला. टाकी लावणारा मिळेना, तेव्हा काकीने स्वतः छिन्नी-हातोडी घेऊन दोन दुपारी दगडाला खाचा पाडल्या. नवरात्र संपल्यावर, ऊन पडल्यावर, आम्ही कुळीथ भाजले. काकी एक पाय लांब सोडून जमिनीवर बसली. समोर मी, सून नसलेली पुतणी. खुंट्यावर दोघींचे हात. पहिल्या फेऱ्या जड गेल्या, दगड कुरकुरला, मग लागला. भाजल्या कुळथाचा वास वर आला आणि तिने मला सांगितलं नाही, फोनकडे पाहिलं नाही, सुरू केलं. आजीची ओळ तिने घेतली आणि थांबली. मला कळेना. तिने खुंट्यावरच्या माझ्या हातावर बोट वाजवलं. दुसरी ओळ माझी होती.

मला ती येत नव्हती. दगड एक फेरी रिकामा फिरला. मग तिनेच ती घेतली.

दोन ओव्या पूर्ण आणि तिसरी अर्धी. रात्री फोनवरचं भरण लावलं तर सगळी घरघरच, तिच्या तळाशी कुठेतरी आवाज, पॅरामाउंटच्या तबकडीसारखा. काकीने कान लावून ऐकलं. मी वही काढली, तारीख घातली, तिला विचारलं, "किती आसतली गो अशी तुझ्याकडे?"

"ही दळणाची," ती म्हणाली. "हळदीची येगळी आसत. तेका घरात लगीन व्हया." मग पिठाचा डबा माझ्याकडे सरकवत म्हणाली, "तुझ्या झिलाचां कधी करतस?"